दोन वर्षांचा व्हिसा, पंचवीस वर्षांचा हप्ता

गेल्या महिन्यात इथे शारजात एका हॉलमध्ये आपल्या मराठी लोकांसाठी 'अनिश्चित काळातलं आर्थिक नियोजन' असं एक व्याख्यान ठेवलं होतं. चहा-समोसे फुकट होते. आमच्या कॅम्पातले आठजण माझ्याबरोबर आले, आणि खोटं कशाला बोलू, मीही समोशाच्याच ओढीने गेलो होतो. टाय लावलेला एक तरुण मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला ठेवा. मग पगाराचे तीन भाग करा, पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. मग आमची पंचवीस वर्षांची योजना घ्या, महिना ५०० दिरहम, मुलांचं शिक्षण आणि तुमचं म्हातारपण दोन्ही सुटलं.

काही प्रश्न असतील तर विचारा, म्हणाला. आमच्यातला खेडकडचा गिलाव्याचा मिस्त्री उठला.

"साहेब, माजा व्हिसा दोन वर्सांचा हाय. त्यातले चौदा महिने गेले. पुढचा मिळेल का नाय ते फोरमनला पण म्हाईत नाय. मग पंचवीस वर्सांचा हप्ता मी कुणाच्या भरवशावर लिवून देऊ?"

मुलगा हसला. म्हणाला, "काका, पॉझिटिव्ह राहायचं."

हॉलमधले शर्ट-पँटवाले हसले. मिस्त्री खाली बसला. परत येताना बसमध्ये तो एकही शब्द बोलला नाही. त्याच्या वतीने मी बोलतो, कारण त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते त्या टायवाल्याला द्यायचं नव्हतं.

मी कंत्राटी कंपनीत टाईमकीपर आहे. २००९ साली आलो, मधलं एक वर्ष गावी बसून होतो, बाकी सगळी वर्षं हेच काम. कोण किती तास राबला, कुणाचे किती कापले, कुणाचा ओव्हरटाईम गिळला, हे माझ्यासमोरून जातं. त्या वह्यांवरून सांगतो. ही नियोजनवाली मंडळी 'अनिश्चितता' हा शब्द पावसासारखा वापरतात. पडला तर पडला, नाही तर नाही, आपण छत्री घेऊन हिंडायचं. आमच्या आयुष्यातली अनिश्चितता आभाळातून पडत नाही, भावांनो. ती कुणीतरी बनवतो, त्यावर कमावतो, आणि मग तिच्यासाठीची छत्री आपल्यालाच विकायला येतो.

आधी ते सहा महिन्यांचे पैसे बघू. हिशेब साधा आहे, आपल्यातल्या बहुतेकांचा असाच. पगार १,२०० दिरहम. एका दिरहमचे २३ रुपये धरले तर २७,६०० रुपये. मेस, फोन, साबण-तेल यात ३५० दिरहम जातात. राहिले ८५०, म्हणजे १९,५५० रुपये. इथे येण्यासाठी एजंटला दिलेले एक लाख वीस हजार गावातून शेकडा तीन टक्के महिन्याने उचलले होते. त्याचं नुसतं व्याज महिना ३,६०० रुपये. उरले सोळा हजाराला थोडे कमी. घरी बायको, दोन पोरं, आई. किराणा, शाळा, आईची औषधं यात पंधरा हजार हां हां म्हणता जातात. हातात राहिले साधारण हजार.

आता सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे नव्वद हजार. महिना हजारप्रमाणे नव्वद महिने. साडेसात वर्षं. म्हणजे पावणेचार व्हिसे, तेही मधे कुणी आजारी पडलं नाही, लग्न निघालं नाही, छप्पर गळलं नाही तर. आणि मुद्दल? मुद्दल तशीच आहे. एक लाख वीस हजार, जशीच्या तशी, सावकाराच्या वहीत. या माणसाला 'तीस टक्के हौस' सांगायची म्हणजे थट्टाच म्हणायची.

या हिशेबातला सगळ्यात मोठा खड्डा कुठे आहे ते बघा. सिगरेटमध्ये नाही, मोबाईलमध्ये नाही. तो एजंटच्या पैशांत आहे. भारत सरकारच्या नियमानुसार नोंदणीकृत भरती एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. ३५,४०० रुपये, बस. त्याची पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. इथल्या कायद्यात तर, २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू, मालकाने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायचाच नाही असं सरळ लिहिलंय. थेटही नाही आणि आडवाटेनेही नाही. तरी लाख, सव्वा लाख, दीड लाख मोजून पोरं येतातच. पावती नसते. उलट एजंट पढवून पाठवतो, कुणी विचारलं तर तीसच हजार दिले म्हणून सांग, नाहीतर विमानातून उतरवतील.

त्याने कायद्याप्रमाणे ३५,४०० घेतले असते आणि तेही त्याच सावकाराकडून त्याच दराने काढले असते, तर महिन्याचं व्याज झालं असतं १,०६२ रुपये. म्हणजे दरमहा अडीच हजाराच्या वर हातात राहिले असते. जगातली कुठली योजना १,२०० दिरहमवाल्याला महिना अडीच हजार वाचवून देते? ही देते. हिचं नाव 'पावती माग'. पण यात कुणाला कमिशन नाही, म्हणून ही पडद्यावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कामगाराची आयुष्यातली सगळ्यात मोठी एकरकमी बचत हीच असते आणि तिच्याबद्दलच आपण सगळ्यात गाफील असतो. यूएईत एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही, पण तिथपर्यंत आपल्यातले कितीजण पोचतात! नवीन कायद्यात स्वतः राजीनामा दिला म्हणून ही रक्कम कापता येत नाही. आणि काम संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करायची.

या सगळ्यात एक शब्द आहे, 'बेसिक'. तिथेच गोम आहे.

समजा दोन मिस्त्री. दोघांचा पगार १,८००. दोघे दहा वर्षं राबले. एकाच्या करारात बेसिक १,५०० आणि बाकी भत्ते. दुसऱ्याच्या करारात बेसिक ८०० आणि भत्ते १,०००. दर महिन्याला हातात सारखेच पैसे, एकाच खोलीत राहतात, एकच डाळ खातात. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी होते २५५ दिवसांची, पहिल्या पाच वर्षांचे १०५ आणि पुढच्या पाचांचे १५० दिवस. पहिल्याला मिळतात १२,७५० दिरहम. दुसऱ्याला ६,८००. जवळजवळ सहा हजार दिरहमचा फरक, म्हणजे एक लाख छत्तीस-सदतीस हजार रुपये. कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. सही केली त्या दिवशीच ते मालकाच्या खिशात राहिले.

बेसिक एवढ्यावरच थांबत नाही. २०२३ पासून इथे नोकरी गेल्याचा विमा सक्तीचा झाला. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहम. नाही काढला तर ४०० दिरहम दंड. बारा महिने सलग हप्ते भरलेले असले आणि कंपनीने काढून टाकलं, म्हणजे स्वतः सोडली नाही किंवा शिस्तभंगावरून घालवलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के रक्कम मिळते. अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा. दंडाच्या भीतीने आपण सगळे हप्ता भरतो. पैसे मागायला किती जातात? कॅम्पात मी विचारलं तर अर्ध्या लोकांना तो व्हिसाचाच काहीतरी चार्ज वाटत होता. आणि ज्याचं बेसिक ८०० त्याला मिळणार महिना ४८०. पुन्हा तोच आकडा आडवा आला.

म्हणून माझं म्हणणं असं की करार हातात येतो ती पाच मिनिटं तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आर्थिक नियोजन असतं. ऑफर लेटर हिंदीतसुद्धा मिळतं, ते मागायचं. मराठीत मिळत नाही, पण हिंदी आपल्याला कळते. बेसिक किती लिहिलंय ते बोट ठेवून वाचायचं. "अरे सगळ्यांचं असंच असतं, सही कर" असं म्हणणारा बऱ्याचदा आपलाच माणूस असतो, आपल्याच तालुक्यातला, म्हणून राग जास्त येतो.

वाचणारा कुणी सौदीत किंवा कुवेतमध्ये असेल तर त्याने यूएईचा हिशेब आपल्याला लावू नये. सौदीत पहिल्या पाच वर्षांना अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिना. पण तिथे स्वतः राजीनामा दिलात तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत एकतृतीयांश, दहापर्यंत दोनतृतीयांश, दहा भरली की पूर्ण. म्हणजे चार वर्षं अकरा महिन्यांनी "कंटाळा आला, जातो घरी" म्हणणारा माणूस थोड्या दिवसांसाठी भलीमोठी रक्कम सोडून जातो. गावातल्या गणपतीची तारीख आपण वर्षभर आधी बघून ठेवतो, ही तारीख कुणी बघत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल शहाणपणा शिकवतो. २०२० साली कोविडमध्ये माझी अकरा वर्षांची नोकरी गेली. बेसिक १,४०० होतं. २८५ दिवसांचे १३,३०० दिरहम होत होते. टाईमकीपर माणूस, दुसऱ्यांचे हिशेब मीच करून द्यायचो. मे महिन्यात विमानं सुरू झाली. कंपनीचा मंदूब कॅम्पात कागद घेऊन आला, अरबीत होता, खाली इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की माझी सर्व देणी मिळाली. म्हणाला, यावर सही कर, २,५०० रोख घे, तिकीट घे, नाहीतर पुढच्या विमानाचं मी सांगू शकत नाही. घरी वडील आजारी. खोलीत पाच जणांना ताप. मी सही केली. मंदूब पोलीस नव्हता, न्यायाधीश नव्हता, महिना तीन हजारवाला माणूस होता, माझ्यासारखाच. तरी मी सही केली. ते १०,८०० दिरहम अजून माझ्या डोक्यात आहेत, चक्रवाढ व्याजासकट.

तेव्हा 'तुम्ही शिस्त पाळत नाही म्हणून तुमची बचत होत नाही' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अकरा वर्षं मी शिस्तीत कामाला गेलो. माझी बचत कंपनीकडे होती आणि कंपनीनेच ती मोडून खाल्ली.

हे थांबवता येतं, आणि कसं ते इथल्या सरकारलाही ठाऊक आहे. २०२३ पासून यूएईत ग्रॅच्युइटीला पर्याय म्हणून एक बचत योजना आहे. मालकाने दर महिन्याला कामगाराच्या बेसिकच्या ५.८३ टक्के रक्कम, पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के, एका वेगळ्या फंडात भरायची. आकडे नीट बघा, ३६० दिवसांत २१ दिवस म्हणजे ५.८३ टक्के, ३० दिवस म्हणजे ८.३३. तेच पैसे, फक्त मालकाच्या तिजोरीत न राहता महिन्याच्या महिन्याला बाहेर निघतात. कंपनी बुडाली तरी फंड बुडत नाही. उत्तम गोष्ट आहे. पण ती ऐच्छिक आहे आणि इच्छा कुणाची, तर मालकाची. पैसे माझे आणि मर्जी त्याची. ही योजना सगळ्यांना सक्तीची झाली पाहिजे ही मागणी आपण दूतावासात, मराठी मंडळांच्या सभेत, पुढारी इथे सत्कार घ्यायला येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर केली पाहिजे. शाल-श्रीफळ नंतर.

पुढाऱ्यांवरून आठवलं. भारतात बाहेरून येणाऱ्या पैशाने २०२२ साली शंभर अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. जगात पहिला नंबर. भाषणात हा आकडा आला की टाळ्या पडतात. हे पैसे पाठवणाऱ्याच्या म्हातारपणाचं काय? २०१२ साली केंद्र सरकारने आपल्यासारख्यांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना आणली होती. पेन्शन, परत गेल्यावर बस्तान बसवण्यासाठी बचत आणि आयुर्विमा, तिन्ही एकत्र. सरकार स्वतः वर्षाला पुरुषाच्या खात्यात एक हजार, बाईच्या खात्यात दोन हजार टाकणार होतं. २०१७ साली बंद केली. कारण काय, तर लोक येत नाहीत. कसे येतील? कॅम्पात येऊन कुणी सांगितलंच नाही. पंचवीस वर्षांच्या योजनेवाला टाय लावून बसमधून कॅम्पापर्यंत येतो, सरकारला ते अंतर जमलं नाही. केरळात २००८ च्या कायद्याने परदेशी गेलेल्यांचं कल्याण मंडळ आहे, दरमहा थोडी वर्गणी भरली की साठीनंतर पेन्शन मिळते. आमच्या खोलीतला मल्याळी सुतार ती भरतो, पावती भिंतीला चिकटवून ठेवतो. रत्नागिरी-रायगडची माणसं काय कमी गेली का आखातात? दोन पिढ्या गेल्या. आमच्या भिंतीला कॅलेंडर.

हप्त्यांच्या योजनांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यात खोल जायची गरज नाही. पंचवीस वर्षांच्या त्या योजनांत पहिल्या दीड-दोन वर्षांचे हप्ते बहुतांशी खर्च आणि विकणाऱ्याचं कमिशन यातच जिरतात. मधेच थांबलात तर कापून देतात. आमचा एक सुपरवायझर तीन वर्षं भरून २०२० मध्ये गावी गेला, भरले त्याच्या निम्मेही परत आले नाहीत. ज्याची नोकरी मधेच तुटायची शक्यता सगळ्यात जास्त, त्यालाच मधे थांबलं तर दंड लावणारी योजना विकणं याला मी नियोजन म्हणत नाही. आपल्याला पैसा असा लागतो जो फोन केल्यावर चार दिवसांत हातात येईल. एनआरई खात्यात लहान लहान मुदत ठेवी, एकच मोठी नाही, म्हणजे गरजेला एकच मोडते. त्या व्याजावर भारतात कर नाही. घरात कमावणारा एकटाच असाल तर साधा मुदतीचा विमा, ज्यात परत काही मिळत नाही तो. 'परत काही मिळत नाही' ऐकलं की आपली माणसं तोंड फिरवतात, पण स्वस्त तोच असतो. ईसीआर पासपोर्टवर आलेल्यांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा असतोच. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. तो कागद कुठे आहे? बहुतेकांचा एजंटच्या फायलीत. घरच्यांना तर असं काही असतं हेच माहीत नसतं. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय कामगार गेले. त्या रात्री आमच्या कॅम्पात कुणी झोपलं नाही. सकाळी मी एवढंच विचारलं, तुमच्या विम्याचा नंबर घरी कुणाकडे आहे? चौदा जणांच्या खोलीत एकाने हात वर केला.

आता आपलंही थोडं बोलायला हवं, नाहीतर सगळं एजंट-मालक-सरकारवर ढकलून मोकळा झालो असं होईल. गावाला आपण घर बांधतो. चिऱ्याचं, दोन मजली, वर स्लॅब, पुढे ग्रील, रंग असा की रस्त्यावरून दिसावा. त्यात राहायला कोण, तर आई आणि मांजर. पोरं मुंबईला, बायको पोरांसोबत नालासोपाऱ्यात भाड्याने. खालच्या दोन खोल्यांत भागलं असतं, पण शेजाऱ्याने वरचा मजला चढवला ना! घर ही बचत आहे असं आपण एकमेकांना सांगतो. बचत ती, जी मोडता येते. गावातलं घर अडचणीत विकायला काढा, बघा कोण घेतो ते. भावकीतला घेईल आणि अर्ध्यात मागेल. दुसरं म्हणजे आपण घरी पगार खरा सांगत नाही. जास्त सांगतो, आणि मग त्या खोट्या पगाराला शोभेल असं पाठवत बसतो. ओव्हरटाईम बंद झाला हे बायकोला सांगायला लाज वाटते आणि मेसवाल्याकडे उधारी करायला वाटत नाही. मी स्वतः चार वर्षं हे केलंय. ज्या दिवशी बायकोला पगाराची स्लिप पाठवली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तर फ्रीज घेतला नसता." घरखर्चाचा ताळेबंद तिने माझ्यापेक्षा बरा मांडला. पडद्यावरचा पन्नास-तीस-वीस तिला कुणी शिकवला नव्हता.

पण हे आपलं पाप दहा टक्क्यांचं. नव्वदाचं बिल दुसऱ्याच्या नावावर आहे आणि ते फाडायचं असेल तर कागद लागतो. इथे मला आमच्या खोलीतल्या चाचांचं सांगायचंय. मंडणगडकडचे, वय साठीला टेकलेलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये रणगाडे घातले तेव्हा ते तिथे एका दुकानात कामाला होते. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. पगार गेला, सामान गेलं, दुकानही गेलं. बगदाद करत अम्मानला पोचले, तिथून एअर इंडियाने मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तेव्हा असे आले. चाचांच्या अंगावर शर्टाखाली प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. कुवेतचा बताका, म्हणजे सिव्हिल आयडी, आणि कराराची झेरॉक्स. "पैसे न्हवतेच बांधायला, म्हणून कागद बांधले," असं ते सांगतात.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई द्यायला. कुवेत सोडून पळावं लागलेल्या एकट्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर. चाचांनी अर्ज भरला, बताक्याची नक्कल जोडली. बरीच वर्षं गेली, पण पैसे आले. त्यांच्याबरोबर एकाच ट्रकमधून आलेले गावातले दोघे कागद वाळवंटातच टाकून आले होते. अर्ज कशाच्या आधारावर भरायचा म्हणून त्यांनी भरलाच नाही. चाचा त्या पैशात बहिणीचं लग्न करून पुन्हा आखातात आले. अजून आहेत. युद्धापेक्षा मोठी अनिश्चितता कोणती? त्यातसुद्धा जे परत मिळालं ते प्लास्टिकच्या पिशवीमुळे मिळालं.

माझ्या १३,३०० चं असं झालं नाही, कारण मी उलटा कागद केला, मिळाले नाहीत ते मिळाले म्हणून लिहून दिले. आज कुणी तसा कागद समोर धरला तर हे ऐकून ठेवा. इथे आता नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आधी एकच वर्ष होतं. ५०,००० दिरहमपर्यंतच्या तक्रारीचा निकाल कामगार मंत्रालय स्वतःच देऊ शकतं, २०२४ पासून. त्याहून मोठं प्रकरण कोर्टात गेलं तरी एक लाखाच्या आतल्या दाव्याला कामगाराला फी नाही. कंपनीच पळाली तर मालकाने काढलेल्या विम्यातून किंवा बँक हमीतून पैसे मिळायची सोय आहे, विम्यात माणशी २०,००० दिरहमपर्यंत. हे सगळं चालतं पगाराच्या नोंदीवर, करारावर, हजेरीवर. म्हणून पगार रोखीत घ्यायचा नाही, बँकेतूनच. रोखीत घेतलेल्या पगाराची साक्ष द्यायला फक्त आपला खिसा असतो.

त्या व्याख्यानानंतरच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही मेसमध्ये टेबल लावलं. टाय नव्हता, समोसे नव्हते, चहा चाचांनी केला. एकतीस जण आले. त्यातले नऊ जण रिकाम्या हाताने आले, करार ऑफिसात आहे म्हणाले, तर त्यांना मोबाईलवर मंत्रालयाच्या ॲपमधून तो कसा काढायचा हे एका पोराने दाखवलं. प्रत्येकाचं बेसिक मी वहीत लिहिलं, पुढे आजच्या तारखेची ग्रॅच्युइटी. काहींनी तो आकडा पहिल्यांदाच पाहिला. एकजण म्हणाला, "एवढे माजे हायत?" आणि परत विचारलं, "नक्की माजेच ना?"

मिस्त्रीचं बेसिक ७५० निघालं. तो बराच वेळ वहीकडे बघत होता. त्याचा करार दहा महिन्यांनी संपतोय. नवीन करारावर सही करायच्या आधी तो मला घेऊन एचआरकडे जाणार आहे, बेसिक १,१०० मागायचं ठरलंय, एकट्याने नाही, गिलाव्याच्या टोळीतल्या सहाही जणांनी एकदम. एचआरवाला काय म्हणेल ते बघू. टेबल दर पंधरवड्याला असतं, आठ नंबरच्या मेसमध्ये, इशाच्या नमाजनंतर. येताना करार आणा, आणि एजंटला किती दिले ते खरं सांगा.